शब्दचर्चा : उत्थित शिल्प, उठावशिल्प आणि उत्कीर्ण शिल्प (संदर्भ : बाबिलोनी कला)

विचारणा

प्राचीन बाबिलोनच्या कलेवर पदवी वर्गातील विद्यार्थ्यांसाठी मी एक टिपण लिहीत आहे. ज्या शिल्पाला इंग्रजीत ‘रिलीफ’ म्हणतात, म्हणजे ज्यात आकृती पार्श्वभूमीला जोडलेली राहून तिच्यातून पुढे आलेली दिसते, त्यासाठी मला मराठीत उत्थित शिल्प, उठावशिल्प, उत्कीर्ण शिल्प आणि नुसते ‘कोरीव काम’ असे चार प्रयोग आढळले. काही लेखक एकाच परिच्छेदात यांतले दोन-तीन शब्द आलटून पालटून वापरतात, आणि ते समानार्थी आहेत असा वाचकाचा समज होतो. बाबिलोनचा राजा हामुराबी याची कायद्यांची शिला, बाबिलोन नगराच्या इश्तार द्वारावरील विटांचे प्राणी, भाजलेल्या मातीच्या लहान तबकड्या आणि दंडगोलाकृती मुद्रा या सर्वांना एकच शब्द लावावा की निरनिराळे शब्द योजावेत, याविषयी जाणकारांनी मत द्यावे.

प्रतिसाद

आधी व्युत्पत्ती पाहू. ‘उत्थित’ हा ‘उद्’ उपसर्ग आणि ‘स्था’ धातू यांपासून झालेला शब्द असून त्याचा अर्थ ‘उठलेला, वर आलेला’ असा आहे. ‘उत्कीर्ण’ म्हणजे ‘उकरून काढलेला, कोरलेला’. पहिला शब्द आकृतीची स्थिती सांगतो आणि दुसरा कारागिराची कृती सांगतो, म्हणून ते समानार्थी नाहीत. रिलीफ हा शब्द ज्या इटालियन ‘रिलिएव्हो’वरून आला, त्याच्या मुळाशीही उचलण्याचाच अर्थ आहे. मराठी विश्वकोशाने ‘उत्थित शिल्प’ ही संज्ञा स्वीकारलेली आहे आणि अभ्यासाच्या लेखनात तीच ठेवणे मला श्रेयस्कर वाटते. ‘उठावशिल्प’ हे तिचेच सुलभ रूप आहे, त्यामुळे सामान्य वाचकांसाठी ते वापरण्यास कोणाची हरकत नसावी.

प्रतिसाद

मी शिल्पकला शिकवतो, म्हणून या प्रश्नाकडे हाताच्या कामाच्या बाजूने पाहतो. वरील व्युत्पत्ती मला मान्य आहे. मात्र विचारणेत दिलेली चारही उदाहरणे एका ओळीत ठेवली की एक अडचण उभी राहते, आणि बाबिलोनी कलेच्या बाबतीत ती टाळून पुढे जाता येत नाही. ‘उत्थित’ हा शब्द डोळ्यांना काय दिसते ते सांगतो, परंतु ते कसे घडले याविषयी काहीच सांगत नाही. दगडात आकृती कधीही ‘उठत’ नसते. आकृतीभोवतीचा दगड काढून टाकून पार्श्वभूमी खाली नेलेली असते, आणि जी मूळ पातळी शिल्लक राहते तीच आकृती होते. मातीत मात्र साच्याच्या खोलगट भागात माती दाबली जाते व बाहेर काढल्यावर आकृती खरोखरच पुढे आलेली असते. दोन्हींना आपण ‘उत्थित’ म्हणतो आणि ते योग्यही आहे; परंतु कृती सांगणारा दुसरा शब्द शेजारी ठेवल्याशिवाय वर्णन पूर्ण होत नाही, एवढे माझे म्हणणे आहे.

हामुराबीची शिला घ्या. काळ्या बेसाल्टचा हा स्तंभ सुमारे 2.25 मीटर उंच असून आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. इ.स.पू. बाराव्या शतकात एलामचा (आजच्या नैऋत्य इराणमधील राज्याचा) राजा शुत्रुक-नाहुंते याने तो लूट म्हणून आपल्या सूसा या नगरात नेला होता, आणि तेथेच 1901–02 च्या उत्खननात फ्रेंच पुरातत्त्वज्ञांना तो सापडला. त्याच्या माथ्यावर सूर्यदेव शमाश सिंहासनावर बसलेला आहे, त्याच्या खांद्यांतून ज्वाला निघत आहेत, आणि समोर उभ्या असलेल्या हामुराबीसमोर तो दंड व कडे धरतो आहे. हा प्रसंग उत्थित आहे, आणि त्यातील शरीरे अंगाने चांगली भरीव आहेत. त्याखालचा कीलाकार लिपीतील कायद्यांचा मजकूर मात्र दगडात आत खोदलेला आहे. एकाच पाषाणावर, एकाच राजाच्या आज्ञेने, वरचा भाग उत्थित आणि खालचा भाग उत्कीर्ण आहे. ‘हामुराबीच्या शिलेवरील उत्कीर्ण शिल्प’ असे कोणी लिहिले, तर ‘कोरलेले’ या व्यापक अर्थाने ते चूक ठरणार नाही. पण डोळ्यांना दिसणारा नेमका भेद वाचकापर्यंत पोहोचणार नाही. मजकुरासाठी ‘उत्कीर्ण लेख’ हा प्रयोग आपल्याकडे पुराभिलेखांच्या अभ्यासात पक्का रुजलेला असल्यामुळे ‘उत्कीर्ण’ हा शब्द लेखासाठी राखून ठेवावा आणि आकृतींसाठी ‘उत्थित’ वापरावा, हे मला सर्वांत स्वच्छ वाटते.

आता इश्तार द्वार. दुसऱ्या नेबुकॅड्नेझरच्या काळात, म्हणजे इ.स.पू. 605 ते 562 या कालखंडात, बाबिलोनचे हे द्वार आणि त्याकडे येणारा मिरवणुकीचा मार्ग उभा राहिला. रॉबर्ट कोल्डेवे यांनी 1899 ते 1917 या काळात तेथे उत्खनन केले, आणि सापडलेल्या विटांच्या तुकड्यांतून जुळवलेले द्वार 1930 मध्ये बर्लिनच्या पेर्गामोन संग्रहालयात उभे राहिले. द्वारावर अदाद देवाचे बैल आणि मार्दुक देवाचा सर्पमुखी प्राणी ‘मुश्खुश्शु’ यांच्या रांगा आहेत, तर मार्गाच्या दोन्ही भिंतींवर इश्तार देवीचे सिंह आहेत. या सिंहांची संख्या सुमारे 120 होती असे मानले जाते. यातला एकही प्राणी कोरलेला नाही! प्रत्येक वीट वेगळ्या साच्यातून काढलेली आहे. कुठल्या विटेवर केवळ पंजा, कुठल्या विटेवर आयाळीची एक बट, आणि अनेक विटा ओळीने रचल्यावर पूर्ण प्राणी, अशी ती योजना होती. कोणती वीट कोठे बसवायची हे गवंड्याला कळावे म्हणून विटांवर खुणा केलेल्या होत्या, आणि त्या आजही ओळखता येतात. अशा कामाला ‘कोरीव काम’ म्हणणे ही वस्तुस्थितीची चूक आहे. ‘साच्यातून काढलेल्या विटांचे उत्थित शिल्प’ असे लिहावे. शब्द चार अधिक पडले तरी चालतील.

याच द्वाराने शब्दांच्या बाबतीत आणखी एक शिस्त घालून दिली आहे. मार्गाची पातळी वेळोवेळी उंच करावी लागल्यामुळे द्वाराचे काम टप्प्याटप्प्याने वर चढत गेले. सर्वांत खालच्या थरात विटांचे प्राणी उत्थित आहेत, पण त्यांवर झिलई नाही. त्यावरच्या थरात झिलई आहे, पण प्राणी सपाट आहेत. सर्वांत वरच्या थरात उठाव आणि झिलई ही दोन्ही एकत्र आली आहेत. खालचे बिनझिलईचे बैल आणि मुश्खुश्शु आजच्या इराकमधील हिल्ला शहराजवळ, बाबिलोनच्या मूळ जागी, अजूनही भिंतींवर उभे आहेत. म्हणून ‘इश्तार द्वाराची झिलईदार उठावशिल्पे’ असा सरसकट प्रयोग अपुरा पडतो. झिलई हा पृष्ठभागाचा गुण आहे आणि उठाव हा आकाराचा. या दोन गोष्टी एकमेकींवर अवलंबून नाहीत, हे तेथील कारागिरांनीच दाखवून दिले आहे.

विटांतील उठावाची ही रीत नेबुकॅड्नेझरच्या कितीतरी आधीची आहे, हेही टिपणात यावे. बाबिलोनवर राज्य करणाऱ्या कासाइट घराण्याचा राजा काराइन्दाश याने इ.स.पू. पंधराव्या शतकाच्या सुमारास उरूक येथे इनान्ना देवीचे मंदिर बांधले. त्याच्या दर्शनी भिंतीच्या कोनाड्यांत हाती जलकुंभ धरलेले देव आणि देवी साच्यातील विटांनी रचलेल्या आहेत. दक्षिण मेसोपोटेमिया, म्हणजे आजचा दक्षिण इराक, हा गाळाचा प्रदेश आहे, तेथे दगड बाहेरून आणावा लागत असे, आणि माती मात्र हवी तेवढी होती. बाबिलोनी शिल्पकाराने भिंतीतच शिल्प ओतले, यामागे हे साधे कारण आहे.

विचारणा करणाऱ्याचा पुढील प्रश्न

हे विवेचन फार उपयोगी आहे. दोन शंका उरतात. उठाव कमी-जास्त असतो, त्याचे प्रकार सांगताना ‘निम्नोत्थित’ आणि ‘उच्चोत्थित’ असे शब्द मी वाचले आहेत, ते चालतील का? आणि दंडगोलाकृती मुद्रांचे काय? त्यांत तर आकृती आत खोदलेली असते.

प्रतिसाद

‘निम्नोत्थित’ टाळावा असे माझे स्पष्ट मत आहे. ‘निम्न’ म्हणजे खाली गेलेले, खोलगट. त्यामुळे वाचक त्याचा अर्थ ‘पार्श्वभूमीच्या पातळीखाली कोरलेले’ असा घेण्याचा धोका आहे, आणि तसा एक वेगळा प्रकार इजिप्तमध्ये विपुल आढळतो. कमी उठावासाठी ‘अल्पोत्थित’ आणि जास्त उठावासाठी ‘अत्युत्थित’ हे शब्द निःसंदिग्ध आहेत.

अत्युत्थित प्रकाराचे उत्तम बाबिलोनी उदाहरण हवे असेल, तर ब्रिटिश म्युझियमने 2003 मध्ये विकत घेतलेला, ‘रात्रीची राणी’ या नावाने प्रसिद्ध असलेला भाजलेल्या मातीचा फलक घ्यावा. तो हामुराबीच्या काळाच्या आसपासचा असून सुमारे 49.5 सेंटिमीटर उंच आहे. पंख असलेली, पक्ष्यासारखे पाय असलेली देवी दोन सिंहांवर उभी आहे आणि दोन्ही बाजूंना घुबडे आहेत. ती इश्तार आहे की पाताळाची राणी एरेश्किगाल, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. देवीचे शरीर पार्श्वभूमीपासून इतके पुढे आले आहे की समोरून पाहताना ते सुट्या मूर्तीसारखे भासते. तिचे अंग मुळात तांबड्या आणि पार्श्वभूमी काळ्या रंगाने रंगवलेली होती. म्हणजे उठावाला रंगाचीही जोड होती, आणि आज दिसणारा मातीचा एकसुरी रंग हा काळाचा परिणाम आहे.

याच काळात साच्यांतून काढलेल्या तळहाताएवढ्या मातीच्या तबकड्या मोठ्या प्रमाणात तयार होत असत. वीणेसारखे तंतुवाद्य वाजवणारा, मुष्टियुद्ध करणारे मल्ल, हत्यार घेऊन काम करणारा सुतार असे विषय त्यांवर आढळतात. राजांच्या शिलांवर ज्यांना स्थान नव्हते ती माणसे येथे भेटतात, त्यामुळे आपल्या टिपणात या तबकड्यांना दोन ओळींपेक्षा अधिक जागा द्यावी, अशी माझी विनंती आहे.

मुद्रांविषयीची शंका रास्त आहे. हेमॅटाइटसारख्या कठीण दगडाच्या दंडगोलावर आकृती उलटी आणि आत खोदलेली असते. ती ओल्या मातीवर फिरवली की सुलटी आणि उठावाची पट्टी उमटते. म्हणून दगड उत्कीर्ण आहे आणि मातीवरची पट्टी उत्थित आहे. कारागिराने खोली कोरताना मनात उंची पाहिलेली असते. मराठीत ‘मुद्रा’ हा शब्द दगडालाही लावतात आणि उमटलेल्या आकृतीलाही लावतात. टिपणात दगडाला ‘मुद्रा’ आणि उमटलेल्या आकृतीला ‘मुद्रेची छाप’ असे नेमाने म्हटले, तर विद्यार्थ्यांचा गोंधळ होणार नाही.

प्रतिसाद

आमच्या घरी देवघरांसाठी आणि प्रभावळींसाठी चांदीच्या पत्र्यावर नक्षी करण्याचा व्यवसाय आहे. पत्रा राळेवर बसवून मागच्या बाजूने ठोकत आकृती पुढे काढतात, आणि त्याला आम्ही ‘उठावाचे काम’ म्हणतो. पत्र्यातील उठावात काहीच काढून टाकलेले नसते आणि काही जोडलेलेही नसते. ‘उठाव’ हा शब्द कारागिरांच्या बोलण्यात जिवंत आहे, एवढ्यासाठी हे सांगितले. पाठ्यपुस्तकात ‘उत्थित’ ठेवायचे असेल तर ठेवावे, परंतु ‘उठावशिल्प’ हा शब्द कमी दर्जाचा मानू नये.

प्रतिसाद

‘उठाव’ या शब्दाला माझा एक आक्षेप आहे. मराठी वाचकाच्या मनात ‘उठाव’ म्हटले की प्रथम 1857 येते, आणि बाबिलोनच्या इतिहासात बंडेही पुष्कळ झाली आहेत. इराणचा सम्राट पहिला दरायस गादीवर आला त्या सुमारास, इ.स.पू. 522 मध्ये, बाबिलोनने बंड केले, आणि त्या बंडाचा नायक निदिंतु-बेल हा इराणमधील बेहिस्तून येथील कड्यावर, बंदिवानांच्या रांगेत, कोरलेला आहे. ‘बाबिलोनचा उठाव’ या शीर्षकाखाली नेमके काय वाचायला मिळेल, याचा अंदाज वाचकाला येणार नाही.

प्रतिसाद

आक्षेप सुट्या शब्दापुरता योग्य आहे. ‘उठावशिल्प’ असा सामासिक शब्द सलग लिहिला किंवा ‘शिल्पातील उठाव’ असे म्हटले की संदिग्धता राहत नाही. शीर्षकात मात्र ‘उत्थित शिल्प’ हेच ठेवावे.

प्रतिसाद

मी प्राचीन लिपी आणि अभिलेख यांचा अभ्यास करतो. आपण आपल्या शब्दांविषयी बोलत आहोत, तेव्हा बाबिलोनी लोक स्वतः कोणते शब्द वापरत होते हेही पाहावे, कारण त्यातून आपल्या भेदांची मर्यादा कळते. त्यांच्या अक्कादी भाषेत ‘सल्मु’ हा शब्द ‘प्रतिमा’ या अर्थी येतो, आणि तो सुट्या मूर्तीलाही लागतो व शिलेवरील उत्थित आकृतीलाही लागतो. आकृती पार्श्वभूमीपासून किती सुटी आहे यावर त्यांचे नाव ठरत नव्हते. ती कोणाची आहे आणि कोणाच्या जागी उभी आहे, हे त्यांच्या लेखी महत्त्वाचे होते. लेख असलेल्या उभ्या शिलेला ते ‘नरू’ म्हणत. कासाइट काळापासून आढळणाऱ्या ज्या दानशिलांना आज अभ्यासक ‘कुदुर्रु’ म्हणतात, त्या आपल्या लेखात स्वतःला बहुधा ‘नरू’ म्हणतात. ‘कुदुर्रु’ म्हणजे सीमा. या शिलांना ते सरसकट नाव आधुनिक अभ्यासकांनी दिले आहे.

या शिला उत्थित शिल्पाच्या चर्चेत अवश्य याव्यात. राजाने कोणाला तरी दिलेल्या जमिनीचा लेख, तो मोडणाऱ्यासाठी शाप, आणि वरच्या भागात देवांची चिन्हे, अशी त्यांची रचना असते. चंद्रकोर म्हणजे सिन, सूर्यबिंब म्हणजे शमाश, तारा म्हणजे इश्तार, आणि फावड्यासारखे टोकदार अवजार म्हणजे मार्दुक. लूव्रमधील एका शिलेवर राजा मेलिशिपाक आपल्या मुलीला नानाया देवीसमोर घेऊन जातो आणि वर ही तीनही आकाशस्थ चिन्हे आहेत. महाराष्ट्रात आणि गोव्यात शिलाहारकाळापासून आढळणारे गधेगाळ ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे वर्णन वाचताना ओळखीचे वाटेल. तेथेही माथ्यावर चंद्र-सूर्य, मध्ये दानाचा लेख आणि खाली शापाची उठावातील आकृती असते. या दोन परंपरांत ऐतिहासिक संबंध होता असे मी मुळीच सुचवत नाही, दोहोंमध्ये शतकांचे अंतर आहे. अर्थातही फरक आहे. आपले चंद्र-सूर्य दान किती काळ टिकावे ते सांगतात, तर बाबिलोनी शिलेवरील चंद्र-सूर्य हे प्रत्यक्ष देव असून दानाचे रक्षक आहेत. तरीही ‘गळ’ किंवा ‘गाळ’ हा शिळा या अर्थाचा शब्द मराठीत आहे, म्हणून ‘कुदुर्रु’साठी ‘दानशिला’ हा शब्द वाचकाला परका वाटणार नाही.

याच संदर्भात सिप्पर या बाबिलोनी नगरातील शमाशचा फलक मला विशेष मोलाचा वाटतो. होर्मुझ्द रस्साम यांना तो 1881 मध्ये सापडला आणि आज तो ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. इ.स.पू. नवव्या शतकातील राजा नबू-अपला-इद्दिना याने तो करवून घेतला. वरच्या अल्पोत्थित दृश्यात मंडपात बसलेला शमाश, समोर पीठावर मोठे सूर्यबिंब, आणि राजाला हाताला धरून आणणारा पुरोहित आहे. खालचा लेख सांगतो की शत्रूंनी केलेल्या विध्वंसात देवाची मूर्ती नाहीशी झाली होती, तिचे रूप कोणालाच ठाऊक नव्हते, आणि अखेर युफ्रेटिस नदीच्या पश्चिम तीरावर भाजलेल्या मातीतील देवाच्या रूपाची आकृती सापडली. तिच्या आधारे नवी मूर्ती घडवली गेली. मातीतील एका लहानशा आकृतीने देवाचे रूप जपले, अशी स्वतः बाबिलोनी लोकांनी लिहून ठेवलेली ही नोंद आहे. पुढे इ.स.पू. सातव्या शतकाच्या अखेरीस नबोपोलासर राजाने हा फलक मातीच्या पेटीत जपून ठेवला, आणि त्यावर बसवलेल्या मातीच्या आच्छादनांवर या दृश्याची उलटी, खोलगट छाप उमटलेली आहे. आधीच्या प्रतिसादात मुद्रा आणि छाप यांचे जे नाते सांगितले, ते येथे उलट्या दिशेने दिसते. दगड उत्थित आहे आणि माती खोल गेली आहे.

प्रतिसाद

एक सावधगिरी सुचवतो. मराठी लेखनात असिरियन आणि बाबिलोनी उत्थित शिल्पे वारंवार एकत्र केली जातात. निनेव्हे, निमरूद आणि खोर्साबाद येथील राजवाड्यांतले शिकारीचे व युद्धांचे लांबच लांब शिलापट असिरियन, म्हणजे बाबिलोनच्या उत्तरेकडील राज्याचे, आहेत. उत्तरेकडे जिप्सम जातीचा मऊ दगड सहज मिळत असल्याने ते शक्य झाले. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात निमरूदचे जे शिलापट आहेत, तेही असिरियन होत. विद्यार्थ्यांना जवळचे उदाहरण म्हणून ते जरूर दाखवावेत, कारण अल्पोत्थित शिल्प म्हणजे काय हे त्यांतून उत्तम कळते. परंतु त्यांना बाबिलोनी म्हणू नये.

विचारणा करणाऱ्याचा प्रश्न

सर्वांचा मी ऋणी आहे. चित्रांखालील ओळी मी अशा लिहीत आहे : ‘हामुराबीची शिला, वरच्या भागात उत्थित शिल्प, खाली उत्कीर्ण लेख’, ‘इश्तार द्वारावरील मुश्खुश्शु, साच्यातील विटांचे झिलईदार उत्थित शिल्प’, ‘दंडगोलाकृती मुद्रा आणि तिची मातीवरील छाप’. एवढ्यावर काही सुचवायचे असल्यास कळवावे. विशेषतः ‘मुश्खुश्शु’ला ‘ड्रॅगन’ म्हणावे का?

प्रतिसाद

ओळी नेमक्या आहेत. ‘मुश्खुश्शु’ हेच नाव ठेवावे आणि पहिल्या उल्लेखाच्या वेळी त्याचे वर्णन द्यावे : सापाचे शिंगे असलेले डोके, खवल्यांचे शरीर, पुढचे पाय सिंहाचे, मागचे पाय पक्ष्याचे आणि शेपटीच्या टोकाला विंचवाची नांगी. ‘ड्रॅगन’ म्हटले की वाचक आग ओकणारा, पंख असलेला प्राणी डोळ्यांपुढे आणतो, आणि द्वारावरील प्राण्याला पंखही नाहीत व तो आगही ओकत नाही. दुसऱ्या चित्रातील द्वार बर्लिनमधील असेल तर ‘पुनर्रचित’ हा शब्द ओळीत घालावा, आणि मूळ जागेवरील भिंतीचे चित्र असेल तर ‘झिलईदार’ हा शब्द काढून टाकावा.